तुकडे करू नयेत

हिद्दच्या गोदामात रात्रीचे पावणेदोन.
बाहेर दमट चाळीस अंश, चष्म्यावर वाफ;
आत सर्व्हरच्या खोलीत मी स्वेटर घालून.

बॅकअप रोज सुरू होतो आणि रोज अडकतो.
बिनॉय म्हणतो, लाइन चालू आहे की, पिंग जातंय.
जातंय. चौदाशे बहात्तरचं जातं.
चौदाशे त्र्याहत्तरचं जात नाही.
उत्तर नाही, तक्रार नाही, पोच नाही.

दोन्ही टोकांना मी नऊ हजार लिहून ठेवलंय
सत्तर नंबरच्या व्हीलॅनवर,
आणि ती ज्या पोर्टावर बसते तिथे थोडं जास्तच,
कारण प्रत्येक पाकिटाला चार बाइटची चिठ्ठी लागते
आणि दार मोजताना चिठ्ठी कुणी धरत नाही.

दर दोन वर्षांनी मुहर्रकच्या विमानतळावर
माझं खोकं काट्यावर चढतं:
सुतळी, मार्करने नाव, गाव, पिन कोड.
तीन किलो जास्त.
काउंटरवरची मुलगी निदान सांगते तरी.
मग तिथेच फरशीवर बसून खोकं फोडायचं,
दुधाची पावडर हातातल्या पिशवीत,
खजूर जॅकेटच्या खिशांत.

इथे तर मीच खूण करून ठेवलीय: तुकडे करू नयेत.
मग स्विच बिचारा काय करणार?
टाकून देतो,
आणि स्वतःशी एक आकडा वाढवतो.

तो आकडा शोधत शीतगृहाच्या माळ्यावर चढलो.
नकाशात नसलेला, धुळीने मऊ झालेला एक जुना स्विच,
बारा हजार आठशे सहा जायंट मोजून गप्प.
अंगावर चिकटपट्टी, विटकी निळी शाई, आपली लिपी:
हात लावू नये. गमरे. २००९.

काय लिहिलंय? बिनॉय खालून.
हात लावू नये.
कोण गमरे?
सहा वर्षांत हे नाव इथे कुणी घेतलेलं मला आठवत नाही.
त्याच्या वेळी पंधराशे पुष्कळ होते.
त्याने बरोबरच लावलं होतं.

नऊ हजार दोनशे सोळा. सेव्ह. रीलोड.
चार मिनिटं शीतगृहाचे सगळे कॅमेरे आंधळे,
बिनॉय घड्याळ धरून,
मी शिडीवर, सकाळच्या शिव्या मनात मोजत.

आठ हजार नऊशे बहात्तर.
गेलं.
परत आलं.

पट्टी काढली नाही.
एक कड सुटली होती, ती अंगठ्याने दाबली,
आणि खाली बॉलपेनने लिहिलं:
लावला. पेडामकर.