दार नंबर चारशे त्रेचाळीस

मिरजेत, सतारमेकर गल्लीत, दुकानाच्या माळ्यावर
वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली
एक लॅपटॉप आहे, बिजागरी तुटलेला.
पडदा सुतळीनं खुंटीला बांधलाय.
मी त्याला सर्व्हर म्हणते.
अब्बा म्हणतात, तो आजारी.

त्याच्या पोटात
एकोणीस वर्षांत दुकानातून गेलेला प्रत्येक तंबोरा,
गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी दोन मिनिटं छेडून ठेवलेला.
उधारीच्या वहीचे फोटो.
आणि एका ठिकाणी, चुकून, अम्मी:
तारा जुळत असताना मागून म्हणते, चहा निवतोय.

किणीकर केबलवाल्यानं स्टॅटिक आयपी दिला,
महिन्याला दोनशे जादा, पावती नाही.
"आता जगात कुठनंबी दिसणार तुमचं घर," म्हणाला
आणि शिडी घेऊन गेला.

दिसलं.
अकरा मिनिटांत पहिली थाप.
बावीस नंबरच्या दारावर कुणीतरी: रूट.
मग अ‍ॅडमिन. मग टेस्ट. मग पुन्हा रूट.
"कोण हे?" अब्बांनी विचारलं.
कुणी नाही, यंत्रं. जगभरच्या कड्या वाजवत फिरतात.
"मग उघडं कशाला ठेवलंस?"

त्या रात्री पहिला नियम लिहिला: सगळ्यांना नाही.
एंटर मारल्यावर कळलं, सगळ्यांत मीसुद्धा.
खालच्या खोलीतून माझा हात माळ्यावर पोचेना.
टॉर्च तोंडात, कीबोर्ड काखेत, भोपळे डोक्याला लागतायत,
वर जाऊन, आतून,
स्वतःला परवानगी दिली.

मग एकच दार ठेवलं, चारशे त्रेचाळीस,
आणि त्यावर बसवला रिव्हर्स प्रॉक्सी.
हे अब्बांना समजवावं लागलं नाही.
जन्मभर तेच ओट्यावर बसलेत.
तुंबा तडकलाय? ठेवा, चाचा बघतील.
खुंटी घसरते? द्या इकडं.
हिशेब? उद्या या.
गिऱ्हाइकाला आतल्या खोल्या कधी दिसल्या नाहीत,
कानस कोण चालवतं, शिव्या कोण देतं, दमा कुणाला आहे.
आठ हजार शहाण्णव, तीन हजार एक:
माझ्याही आतल्या खोल्यांचे नंबर
बाहेर कुणाला ठाऊक नाहीत.

मी आणखी शहाणी झाले.
तीनदा चुकला की कायमचा बंद.
सकाळी चहाबरोबर बंद झालेल्यांची यादी वाचायची सवय लागली,
लोक निधनवार्ता वाचतात तशी.

बाराव्या दिवशी यादीत मस्कत.
रात्री दोन सत्तावीस.
नावाच्या रकान्यात: बिल्किस.
मग बिलकीस.
मग, तिसऱ्यांदा, अम्मीचं नाव.

आपाचा फोन आला नाही. येणारही नव्हता.
तिला वाटलं असेल, नाही म्हणाले.
वाटणीच्या वेळी एकदा म्हणालोच होतो आम्ही.

खाली अब्बा जवारी काढत होते.
कानस, फुंकर, तार, कान. परत कानस.
"फार बंद केली तर मुकी व्हशील," म्हणाले,
मला नव्हे, तंबोऱ्याला,
आणि तारेखाली दोरा सरकवला,
सरकवला, थांबले, केसभर मागं घेतला.

मी मस्कतचा पत्ता यादीतून सोडवला.
त्याच्या वरखाली रूट आणि अ‍ॅडमिन तसेच पडून.
अम्मीच्या नावानं खातं उघडलं.
आपाला मेसेज केला: नाव अम्मीचं,
पासवर्ड घरचा जुना फोन नंबर.
इतका सोपा पासवर्ड नियमात बसत नाही.
ठेवला.

आज रात्री लॉग उघडून बसलेय.
एक चाळीस, बावीसवर रूट. नाही.
दोन पाच, बावीसवर टेस्ट. नाही.
दोन एकतीस, चारशे त्रेचाळीस.
आलेल्या बाईनं अम्मीचं नाव सांगितलं
आणि मागितला तंबोरा क्रमांक दोनशे बारा,
ज्यात चहा निवतोय.

दोन तेहतीस, दोनशे बारा.
दोन पस्तीस, दोनशे बारा.