हिरामण भोंगेवाल्याची गाडी

देवरे सरांनी फॉर्म काढला, पेनाचं टोपण दातात धरलं.
आरसी बुक?
उधईनं खाल्लं.
विमा?
माझ्या लग्नाच्या वर्षी संपला.
चावी?
मी आईकडे पाहिलं. आई निंबाचा पाला झाडत राहिली.

पारोळ्याच्या बाजारपट्टीमागे अकरा वर्षं उभी होती ॲम्बेसेडर,
टपावर भोंग्याची गंजलेली चौकट,
आत कोंबड्यांचं बिऱ्हाड, मागच्या सीटवर अंडी,
डिकीत सिनेमाची पोस्टरं:
नटांचे चेहरे उंदरांनी अर्धे ठेवलेले.

याच गाडीतून अण्णा गावभर बोलत फिरले.
आज रात्री साडेनऊला, फक्त दोन खेळ.
उद्या पोलिओचा डोस.
शनिवारी नळ येणार नाहीत, हांडे भरून ठेवा.
हिरवा फ्रॉक, नाव सांगता येत नाही, रडते आहे,
जिची असेल तिनं चौकीवर यावं.

घरी मात्र घसा राखायचे.
मीठ चिमटीनं मागायचे, पाणी अंगठ्यानं,
थांब म्हणायला उभा तळवा.

मी सुरतेहून दोन दिवसांच्या रजेवर आलेलो,
डोक्यात भंगारवाल्याचा भाव: बावीस हजार.
कागद नसतील तर अठरा.
आई म्हणाली, गाडी इकानी नही.
मग तिनंच कुठूनसं ऐकलं:
धुळ्याला बहिऱ्या पोरांची शाळा आहे,
पोरं इंजिनकाम शिकतात
आणि खोलायला त्यांच्याकडे इंजिन नाही.

सर साक्रीकडचे, सगळं नियमानं करणारे.
रस्त्यावर धावणार नाही, शिक्षणापुरतीच वापरू,
असं पाचशेच्या मुद्रांकावर लिहून आणलेलं.
बॉनेट उचलून त्यांनी चेसिस नंबरावर कागद ठेवला,
पेन्सिल आडवी घासली.
शेवटचा आकडा एक की सात, ठरेना.
आम्ही आळीपाळीनं उन्हात धरून पाहिला.
अक्षरओळख नसलेली आई म्हणाली, सात लिखा.

मग ती घरात गेली
आणि मसाल्याच्या डब्यातून चमचा घेऊन आली.
'चावी नही शे, भाऊ. हाऊ चमचा ल्या.
याच चमचावर चालनी गाडी.'
दांडा ठोकून चपटा केलेला, टोक झिजून बोथट,
मधे टिंबाटिंबांनी कोरलेलं:
हि. तु. शिंपी, २१-५-७९.
लग्नात आलेल्या सहांतला एक. हळदीचा वास येणारा.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, पुन्हा वाचलं.
अण्णांचं नाव असलेला
त्या गाडीचा तेवढाच एक कागद होता.
फॉर्मवर चावीपुढे त्यांनी लिहिलं: आहे.

टेम्पोतून चार पोरं आली होती, बॅटरी घेऊन.
जगन पावरा, अक्रम तडवी.
उरलेल्या दोघांनी नावं बोटांनी सांगितली,
मला वाचता आली नाहीत.
जगननं चमचा घातला, फिरवला.
इंजिन मेलेलंच.
पण कुठलीशी तार कुठल्याशा तारेला लागली
आणि हॉर्न सुटला तो
थांबेचना.

कोंबड्या उडाल्या. सुकलालभाऊ अर्ध्या दाढीनं बाहेर.
सरांचे दोन्ही हात कानांवर, फॉर्म नालीत,
गल्ली गोळा,
आणि समोरच्या खिडकीतून नव्वदीची तुळसाआजी:
'काय पुकारी ऱ्हायना वं हिरामण?'

पोरं तशीच वाकलेली.
एकानं नट सोडवला आणि तोंडात धरला.
अक्रमनं मात्र पंजा बॉनेटवर टेकवला,
जरा थांबला,
मग शेजारच्याचा हात ओढून आपल्या हाताजवळ ठेवला.

मी पक्कड घेऊन धावलो तार तोडायला.
आईनं माझ्याकडे न बघता
उभा तळवा केला.