प्रॉम्प्टरला जागा नाही

वखारभागातलं हळदीचं जुनं गोडाऊन.
तिकीट म्हणून मनगटावर हळदीचं बोट ओढलं
आणि चपला बाहेर काढायला लावल्या.
खुर्च्या नाहीत. पडदा नाही. विंग नाही.
मी विचारलं, उभं कुठं राहायचं?
सन्मती मगदूमची पोरगी म्हणाली, काका, कुठंही.

कुठंही ही जागा मला माहीत नाही.
एकतीस वर्षं मी डावीकडच्या विंगेत,
स्टुलावर, चाळीसच्या बल्बखाली,
दुसऱ्यांची वाक्यं त्यांच्याआधी जिभेवर धरून बसलेला माणूस.

अंधार झाला.
आधी वाटलं, लाइट गेली.
मग फरशीतून काहीतरी वर आलं
पोटऱ्यांत, गुडघ्यांत,
थप्पीवरून पोतं सुटावं तसं, पण पडून न संपणारं.
मिरजेची नाझनीन सतारमेकर
लॅपटॉपच्या निळ्या उजेडात वाकलेली.
तिच्या आजोबांनी भोपळे कापले, तारा चढवल्या;
ही वायरी जोडते.
सौद्यातला आवाज टेप करून आणलेला तिनं,
भाव पुकारणाऱ्या आडत्याचा,
इतका ताणलेला की आकडे विरघळले,
मग नुसती गुरगुर, मग
पाण्याखालून यावा तसा एकच ओ.

आणि हलगी.
सुकुमार आवळे माझ्या पाठीमागून आला.
पाठीमागून कुणी यायचं नसतं नाटकात.
कडाड्, कानाशीच,
शेकलेल्या कातड्याचा वास यावा इतकी जवळ.

माणसं पोती वाहत होती आमच्यामधून.
एक ओलं पोतं खांद्याला घासून गेलं.
कुणीतरी न बोलता हमालीचा हूक माझ्या हातात दिला.
धरला. काय करणार.

मी वाक्याची वाट बघत होतो.
सवय आहे, नट अडखळला की माझे ओठ हलतात.
एक बाई माझ्यासमोर येऊन थांबली.
तोंडभर हळद, तोंड उघडं.
इतका वेळ थांबली की मला घाम फुटला.
विसरली, मला वाटलं. विसरलीच.
ओठ हलवले मी. द्यायला काही नव्हतं.
वहीच नव्हती.

तेवढ्यात भिंतीवर उजेड पडला:
पुराची रेघ, माझ्या डोक्याच्या हातभर वर,
आणि तो ओ चढत चढत रेघेला लागला.
हलगी तुटत आलेली.
आणि मी, का ते विचारू नका,
मी म्हणालो, ‘पाणी.’
एवढंच. प्रॉम्प्टरच्या आवाजात,
पहिल्या रांगेलाही कळू नये असा.

बाईनं शब्द घेतला की नाही, माहीत नाही.
तोंड मिटलं
आणि पुढं गेली, दुसऱ्या कुणासमोर थांबायला.

बाहेर माझी एक चप्पल सापडेना.
भडंगवाला गाडी आवरत होता.
सुकुमार पायरीवर बसून बोटांना तेल चोळत म्हणाला,
काका, ते पाणी उद्या जरा उशिरा द्या.
माझा हात थांबू दे.

हूक अजून माझ्याकडंच होता.