पाण्याची वही

डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला सातशे पन्नास.
त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं,
कलिंगडाची फोडसुद्धा.
ह्यांनी बाटलीवर रिबिकाच्या नेलपॉलिशने
तीन रेघा ओढल्या
आणि एलआयसीच्या जुन्या डायरीत हिशेब मांडला.

मंगळ, गुरू, शनी, वाशीला मशीन.
चार तास रक्त बाहेर फिरून येतं,
दमून, पाळी संपवून आल्यासारखं.
तंत्रज्ञ पोरगा वजनकाट्यावरून ओरडतो,
"काका, दोन किलो आठशे! खाडी प्यालात काय?"
हे हसतात.
ओठ फुटलेले असले की हसताना रक्त येतं.

आमच्या शहराचं स्वतःचं धरण आहे,
हे रबाळ्याच्या कंपनीत होते तेव्हा
गावाकडच्या पाहुण्यांना ऐटीत सांगायचे,
नळ सोडून दाखवायचे.
आता ऐरोलीत एप्रिल.
सकाळी वॉचमन पाइप लावून गाड्या धुतो
तेव्हा मी गॅलरीचं दार ओढून घेते.

मी पाणी चोरून पिते.
बाथरूममध्ये, बादलीत नळ सोडून,
म्हणजे घोटांचा आवाज त्यात बुडतो.
तिथेच कधीकधी प्रार्थना होते, तांब्या हातात धरून.
चांगली नसते ती.
कानाच्या लग्नात तू रांजणच्या रांजण भरून दिलेस,
इथे एक मूत्रपिंड तुला जड झालं?
मग आमेन म्हणते. सवय आहे,
आणि आई म्हणायची,
भांडावं, पण दार उघडं ठेवून.

महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये
(बाकांवर अजून परीक्षेचे नंबर)
प्रभुभोजनाचा चिमुकला पेला येतो.
घरी आल्या आल्या वहीत नोंद:
द्राक्षरस, दहा मिली.
अहो, तेवढं तरी सोडा, मी म्हटलं.
म्हणाले, का? तेही पोटातच जातं.

उत्तम शुक्रवारासाठी
सात जणांना सात वचनं वाटत होते.
पाळक अमोलिक दारातच अडखळले,
"शांतवनराव, पाचवं घ्याल का?
नाही म्हणालात तरी चालेल."
पाचवं म्हणजे, मला तहान लागली आहे.
मला राग आला त्यांचा. चहा अर्धाच कप दिला.

प्रत्येकाला पंधरा मिनिटं असतात.
हे उभे राहिले, पंख्यांच्या घरघरीत म्हणाले,
"आंब भरलेला स्पंज ओठाला लागला,
तेव्हा आधी गार वाटलं असेल.
एवढंच मला ठाऊक आहे.
देव होता, तरी मागितलं त्याने.
मला अजून मागायची लाज वाटते."
आणि बसले.
सहाव्या वचनाच्या मकासरे बाई
किती वेळ उठल्याच नाहीत.

रात्री जेवणं झाली. मी बाथरूमकडे वळले
तर खोलीतून आवाज, "नळ सोडू नकोस.
माहीत आहे मला. दोन वर्षं माहीत आहे."
मग जरा थांबून,
"इथे बस. माझ्यासमोर पी.
ऐकू येऊ दे."

रिबिका झोपली होती. मी फुलपात्र भरलं.
खाली कुणीतरी स्कूटर स्टँडवर चढवत होतं,
ती चढत नव्हती.
पहिला घोट घशातच अडकला. दुसरा उतरला.
हे माझ्या गळ्याकडे बघत होते,
बाळ दूध पिताना बघावं तसे,
आणि त्यांचाही गळा हलला, रिकामा.

त्या दिवशीची बेरीज सातशे दहा.
खाली, त्यांच्याच तिरक्या अक्षरात,
माझं नाव, आणि पुढे:
एक फुलपात्र.