रोलरवर पंचवीस मैल

फ्रेस्नोत ऑगस्टमध्ये डोंगर नसतात.
म्हणजे असतात, पूर्वेला, जागच्या जागी,
पण सकाळी नऊनंतर त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो.
माझं दुकान टायरवाल्याच्या मागे.
मी गाड्यांचा धूर मोजतो.
दुरुस्ती करत नाही. तशी पाटीच लावली आहे,
दोन भाषांत. दोन्ही कुणी वाचत नाही.

ओदिलिया बेतेनकोर्त आली ती चौऱ्याण्णवची कॅमरी घेऊन.
टपाचा रंग सोललेला, उन्हात भाजलेल्या नाकासारखा.
मागच्या सीटवर बदामाची टरफलं आणि मुलगा,
आठेक वर्षांचा, मुठीत निळा पंप.
"टाकी भरलीय," ती म्हणाली, "ऑइल बदललंय,
आणि इथे यायच्या आधी मदेरापर्यंत जाऊन आले,
साठच्या वेगात, काटा मधोमध येईस्तोवर."
सगळे हेच करतात.
म्हातारीचं तोंड धुवून, केस विंचरून
पाहुण्यांपुढे बसवावं, तसं.

नळी खुपसली. पुढे पंखा लावला.
दोन लाख एकसष्ट हजार मैल धावलेली गाडी
आता रोलरवर जोरात कुठेच जात नव्हती.
पंधराला ठीक.
पंचवीसला नायट्रोजनचा आकडा चढत गेला, चढत गेला,
अकराशे चौऱ्याऐंशी.
हद्द सातशे बाराची.

नापास हा शब्द मी बोलत नाही.
प्रिंटर बोलतो.

ती कागदाकडे बघत राहिली. मग, हळूच,
कालव्यापलीकडे एक जण आहे म्हणे,
अडीचशे घेतो, दुसऱ्याच गाडीला नळी लावतो,
यंत्राला काय कळतंय श्वास कुणाचा.
"आहे," मी म्हणालो.
लोक मला सल्ला विचारत नाहीत,
माझ्यासमोर फक्त मोठ्याने विचार करतात.

तेवढ्यात पोराने दप्तरातून प्लास्टिकचं ते नळकांडं काढलं,
उभा राहिला, फुंकला.
लाल काटा एकशे साठवर थांबला.
"पुन्हा," ती म्हणाली. वर न बघता.
एकशे पंचावन्न.
"पुन्हा."
तीनदा फुंकायचं, मोठ्यात मोठा आकडा लिहायचा.
हिरवा पट्टा एकशे नव्वदच्या पुढे.
तिने पर्समधून वही काढली, पेन शोधलं,
आणि थोडा वेळ एका मांडीवर ती वही होती
नि दुसऱ्या मांडीवर माझा कागद.
दोनशे दहा लिहिलं असतं तरी
वहीने काही म्हटलं नसतं.
तिने एकशे साठ लिहिलं.

मी पंखा बंद केला. दुरुस्ती करत नाही मी,
पण एका जुन्या बिलाच्या पाठीवर चित्र काढलं:
इंजिनाच्या मागे, हात मुरगळेल अशा जागी, एक झडप,
जळलेली हवा थोडी थोडी परत आत घेणारी.
काजळीने घसा बसलाय तिचा.
"स्प्रे आणा, टूथब्रश घ्या, खरवडा.
घाई केली तर बोल्ट तुटेल. दम धरायचा."
"दम धरायचा सराव आहे," ती म्हणाली, "आमच्या घरी."

बाराव्या दिवशी आली. नखांत काळं,
करंगळीला पट्टी. तीन बोल्ट गंजलेले, एक नवा कोरा.
(म्हणजे तुटलाच.)
पंधराला ठीक.
पंचवीसला पोरगा काचेला नाक लावून उभा,
आकडा चढू लागला तसा त्याने श्वास रोखला,
मला दिसत होतं, छाती हलत नव्हती,
ओठ गच्च,
अरे सोड, मी ओरडणारच होतो, सोड,

सहाशे अठ्ठ्याण्णव.

तिने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी.
पट्टीवाल्या बोटाने स्टिअरिंग दोनदा वाजवलं.
"दोन वर्षं, वाहान," म्हणाली,
माझ्या शर्टावरचं नाव वाचत.
"दोन वर्षं."

गाडी गेली. मागे थोडा धूर राहिला,
कायद्यात बसणारा.
शटर ओढताना सवयीने पूर्वेकडे पाहिलं.
नव्हते.