जिन्याखालची वाटणी

गाडी आधी आली, चार्जर नंतर.
सहा आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडून
तिला रात्रभर थेंब थेंब पाजत होतो,
सलाइनवरच्या पेशंटसारखं.
खिडकी पुरती लागत नसे
आणि स्टॉकपोर्टचा नोव्हेंबर ओट्यापर्यंत येऊन बसलेला.

मग श्रीरंगने स्थळं बघायला घेतली.
सात किलोवॅट की बावीस,
वायर अंगचीच की सुटी,
कुणाचं अ‍ॅप शहाणं, कुणाचं उठसूट रुसतं,
एक्सेलच्या तक्त्यात चौदा उपवर.
बावीसवाला पहिल्याच फेरीत बाद,
आमच्या गल्लीत थ्री-फेज आहे कुणाकडे?
मी म्हटलं, काळा घे, मळ दिसत नाही.
महिनाभर पत्रिका जुळवून शेवटी तोच ठरला.

पाहणीला डेक्लन आला. बूट दारात काढले,
मोज्यातून अंगठा बाहेर.
व्हॅक्यूम क्लीनर, आकाशकंदिलाचा खोका,
दहा किलो तांदळाची पिशवी बाजूला सारून
कमरेपर्यंत शिरला जिन्याखालच्या कपाटात.
दातांतला टॉर्च काढून शीळ घातली.

रस्त्यावरून येते ती केबल एकच, म्हणाला,
आणि तिलाच जोडलेली ही दुसरी, भिंतीतून पलीकडे गेलेली.
शेजारच्या घराची वीज तुमच्या घरातून जाते.
जुनी काटकसर. ही तोडून
दोन्ही घरांना वेगवेगळी दिल्याशिवाय
चार्जर लावता येणार नाही.
आणि त्याला त्यांची सही लागेल.

त्यांची, म्हणजे डोरीन हॅलवर्थची.
जिच्याशी चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
कुंपणाचं झुडूप श्रीरंगने वीतभर जास्त छाटलं,
हे तिचं म्हणणं.
वीतभरच ना, हे याचं.

अकरा वर्षं
तिची चारची किटली, विजेचं पांघरूण,
पोर्चमधला रात्रभर जळणारा दिवा,
सगळं आमच्या तांदळाच्या मागून जात होतं.
तिचा अबोलासुद्धा
आमच्या कपाटातून वीज घेऊन जागा होता.

फॉर्म घेऊन मी गेले. श्रीरंगला अचानक
गॅरेज आवरायचं होतं.
डोरीनने चष्मा शोधला, तो गळ्यातच होता.
ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं.
पैसे कोण देणार?
वीज कंपनी.
माझे गुलाब खणायचे नाहीत.
नाही खणणार.

आमच्याकडे वाटणी होते ती सख्ख्या भावांत,
तलाठी, सातबारा, मधला बांध, मग कोर्टाची पायरी.
ज्यांची चूल कधीच एक नव्हती
त्यांच्या वाटणीच्या कागदावर
एक म्हातारी पेन दोनदा झटकून सही करतेय,
हे मी पहिल्यांदा पाहिलं.

फेब्रुवारीत माणसं आली, नारिंगी पँटी, छोटं यंत्र.
दोन्ही अंगणांत चर, ओली पिवळट माती,
गुलाबांपाशी चराने मुकाट वळण घेतलेलं.
साडेचार तास दोन्ही घरांत वीज नाही.
मी कॅम्पिंगचा स्टोव्ह मागच्या पायरीवर पेटवला,
आलं ठेचलं, चहा टाकला.
कुंपणापलीकडे डोरीन, कोटावर कोट घालून उभी.
जिथे झुडूप वीतभर जास्त छाटलं होतं
तिथूनच कप पलीकडे गेला.
याच्यात काय घातलंयस, तिने विचारलं.
सांगितलं.
हं, म्हणाली. पण प्यायली.

आता साडेबाराला स्वस्त दर लागतो
आणि गाडी आपलं आपण घेते, कुणाला न उठवता.
भिंतीवर हिरवा ठिपका.
अ‍ॅप सकाळी हिशेब देतं, पेन्सपर्यंत.

कपाटात मात्र ते जुन्या केबलचं टोक अजून आहे,
राखाडी टोपी घातलेलं.
मेलेलं आहे, डेक्लन म्हणाला होता, हात लावला तरी चालेल.
मी लावलेला नाही.
तांदळाची पिशवी जरा पुढेच ठेवते.