बडगी

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी
सुपडूकाकांचा निरोप :
वांगी बामणोदची, चाळीस किलो.
माणसं मोजू नका, या.

मी नोकला मोटारसायकलवर बसवून नेलं.
नोक म्हणजे त्यांच्याकडे पाखरू.
नोकझोक म्हणून लॅबमधले सगळे हसून झालेले.
ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते,
केळीचे कोंब चिमट्यानं बाटलीत लावते,
तोंडाला मास्क, हाताला स्पिरिट.
आठ महिन्यांत जेवणाच्या सुट्टीत
तिनं आपल्या डब्यातलं कुणाला दिलं नाही,
कारण कुणी मागितलं नाही.
मीसुद्धा.

यावलच्या पलीकडे, तापीच्या थडीला,
घड कापून झालेल्या केळीच्या बागेत
गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा जाळ.
वांगी फुगतात, सुस्कारतात, काळी पडतात.
बायका गोल बसून बोटं फुंकत सोलतायत,
एक जण दुसरीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगते
आणि सगळ्या एकदम गप्प होतात,
म्हणजे सून आली.

मग बडगी.
अख्खा ओंडका कोरलेली, होडीएवढी.
आत लसूण, हिरव्या मिरच्या,
वर गरम गर,
आणि चार मुसळं.
धप्प. धप्प.

नोक उभी राहिली.
"पोक पोक," ती म्हणाली.
"काय म्हनते व हे?" मथुराकाकूंनी विचारलं.
मी तोडक्यामोडक्या इंग्रजीतून आणलं ते असं :
मेकाँगच्या काठी हिच्या आईची गाडी आहे,
कच्ची पपई, मिरची, लसूण, शेंगदाणे,
खलात कुटायचं, आवाज होतो पोक पोक.
तिकडे जुन्या बाया म्हणे
मुसळाच्या आवाजावरूनच सून पारखायच्या.

एवढं कळल्यावर तिला कोण सोडतं!
काकूंनी मुसळ तिच्या हातात दिलं
आणि डोळे मिटून घेतले.
धप्प. पोक. धप्प. पोक पोक.
"हात हलका हाये," काकू म्हणाल्या,
"पन थांबत नही."
डोळे उघडले तेव्हा नोकच्या नाकाला पाणी.
मिरच्यांमुळे, ती म्हणाली.
मिरच्या तिखट होत्याच.

पंगत बसली बांधावर, केळीच्या पानांवर.
पान कसं मांडायचं ते तिला सांगावं लागलं नाही.
कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, मुळा,
आणि भरितावर तेल इतकं
की चंद्र त्यातही दिसावा.
तिनं डबा उघडला. चिकट भात, गोळा झालेला.
शेजारच्या प्रमिलानं न विचारता
एक लचका तोडला, भरितात बुडवला,
चावला, थोडा वेळ विचार केला,
आणि डबा पुढे सरकवला.
तो पंगतीच्या टोकाला गेला तो रिकामाच परत आला.
इकडे सुपडूकाका वाढत फिरतायत :
खाय व पोरी, लाजू नको.

जेवणानंतर तिनं कोयता मागितला.
पडलेल्या खोडाची एक चकती कापली,
पान दुमडून दुमडून पाकळ्या केल्या,
मध्ये उदबत्ती, पणती,
आणि स्वतःचं एक नख.
पीडा जाते, म्हणाली, पाण्यासोबत.
आजच. हीच पौर्णिमा.
"खोडाचंबी काही होतं, तं," काका म्हणाले,
आणि हळूच आपलंही नख कुरतडून त्यात टाकलं.

तापीत आधीच द्रोण सोडलेले होते बायकांनी.
तिची होडी त्यांच्यामागे निघाली,
दहा हात गेली
आणि मोटारीच्या पाईपाला अडकली.
काकांचा नातू पँट दुमडून पाण्यात शिरला,
काठीनं आधी तिची सोडवली,
मग तिथंच अडकलेले आणखी दोन द्रोण,
कुणाचे ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी
हात तीनदा धुऊन ती स्टुलावर बसली.
बाटलीवर तारीख लिहिता लिहिता
बोटं मास्कजवळ नेली,
थांबली.
लसूण.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
साहेब आले तसे आम्ही दोघं
खाली मान घालून कोंब लावू लागलो.